तिसऱ्या बाणाची किंमत

1368 च्या सुमारास तैबुगा अल-बकलमिशी नावाच्या ममलुक तिरंदाजाने धनुर्विद्येवर अरबीत एक पद्यग्रंथ रचला आणि त्यावर स्वतःच सविस्तर टीका लिहिली. ग्रंथ शिकणाऱ्यांसाठी होता. धनुष्य कसे निवडावे, उभे कसे राहावे, दोरी कुठवर ओढावी, धावत्या घोड्यावरून बाण कसा सोडावा, हे सगळे त्यात क्रमाने येते. जलद तिरंदाजीसाठी त्याने शिष्यापुढे ठेवलेली कसोटी मात्र आजच्या वाचकालाही थबकायला लावते. पहिला बाण लक्ष्यावर जाऊन लागण्याआधी तिसरा बाण दोरीवरून सुटलेला असला पाहिजे. जे. डी. लॅथम आणि डब्ल्यू. एफ. पॅटरसन यांनी 1970 मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पॅटरसन जुन्या धनुष्यांचे जाणकार होते. लक्ष्य सुमारे 70 मीटरवर धरले आणि बाणाचा हवेतला वेळ मोजला, तर या कसोटीचा अर्थ होतो साधारण दीड सेकंदात तीन बाण.

आपल्याकडे महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला बाणांच्या वर्षावाचे नवल नाही. अर्जुनाने भाता कधी उघडला, बाण कधी चढवला आणि कधी सोडला हे कुणाला दिसत नसे, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि काव्य म्हणून सोडून देतो. तैबुगाचा ग्रंथ मात्र वीरकाव्य नव्हे, अभ्यासक्रम आहे. त्यातला वेग रोजच्या सरावातून साधायचा आहे आणि तो साधत नसेल तर चूक कुठे होते तेही सांगितले आहे. एखादे राज्य आपल्या सैनिकांकडून इतक्या कष्टाने ही गोष्ट करून घेते, तेव्हा तिचा काहीतरी रोकडा उपयोग असला पाहिजे. तो उपयोग कोणता होता आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, हे ममलुकांच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

विकत घेतलेली मुले

ममलुक हे गुलाम सैनिक होते. काळ्या समुद्राच्या उत्तरेला किपचाक तुर्कांची अफाट गवताळ मैदाने पसरलेली होती. तिथली मुले लढायांत पकडली जात, दुष्काळात विकली जात आणि व्यापाऱ्यांमार्फत सीरिया-इजिप्तच्या बाजारांत येत. सुलतान आणि अमीर त्यांना विकत घेत, कैरोच्या किल्ल्यातल्या बराकींत ठेवत, धर्म आणि लिहिणे-वाचणे शिकवत आणि वयात आल्यावर त्यांच्या हाती शस्त्र देत. शिक्षण पुरे झाले की त्यांना मुक्त केले जाई आणि घोडा व हत्यारे मिळत. 1250 पासून हे मुक्त झालेले गुलामच इजिप्तचे राज्यकर्ते झाले. मराठी वाचकाला यात अविश्वसनीय काही वाटू नये. बाजारात विकला गेलेला एक हबशी मुलगा पुढे मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा कारभार कसा पाहू लागला, हे आपल्याच मातीतले उदाहरण आहे. दिल्लीचा बल्बनही असाच गुलाम म्हणून आलेला तुर्क होता, आणि त्याची कारकीर्द कैरोच्या बायबर्सला समकालीन होती.

बायबर्स हा या साऱ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा माणूस. जन्माने किपचाक. त्याच्या एका डोळ्यात दोष होता आणि त्यापायी एका गिऱ्हाइकाने त्याला परत केले, असे त्याच्याबद्दल सांगतात. हाच मुलगा 1260 मध्ये सुलतान झाला आणि 1277 पर्यंत त्याने राज्य केले. त्याने पोस्ट, पूल, किल्ले, हेरखाते या सगळ्यांची घडी बसवली, पण स्वतःच्या हाताखालचे सैन्य तयार करण्याकडे त्याचे सर्वांत बारीक लक्ष होते. कैरोबाहेर त्याने तिरंदाजीसाठी मोठे मैदान बांधवून घेतले. दुपारी तो तिथे येई आणि संध्याकाळपर्यंत थांबून लोकांना नेमबाजीला उद्युक्त करी.

या मैदानावर कबक नावाचा खेळ चाले. उंच खांबाच्या टोकाला भोपळा बांधायचा आणि घोडा भरधाव सोडून त्याच्याखालून जाताना वर बाण मारायचा. पुढच्या काळात भोपळ्याच्या जागी सोन्याचांदीचे भांडे आले, आत कबुतर ठेवले जाऊ लागले आणि नेम साधणाऱ्याला मानाचा पोशाख मिळू लागला. त्याच्या उलट दुसरा प्रकार होता. घोड्याच्या बाजूला जमिनीवर ठेवलेल्या लक्ष्यावर खाली झुकून बाण मारायचा. वर मारणे आणि खाली मारणे, दोन्हींत घोडा थांबत नाही आणि लक्ष्य डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाते. तेवढ्या अवधीत बाण चढवून सोडता आला नाही तर त्या फेरीत काहीच हाती लागत नाही. वेगाचा पहिला धडा स्वार इथे गिरवत असे.

त्याआधी मात्र बराच काळ जमिनीवरचे शिक्षण असे. सुरुवातीला मऊ कमठा हातात देत आणि बाण न लावता नुसती दोरी ओढायला लावत. मग अगदी जवळच्या, पेंढ्याने भरलेल्या लक्ष्यावर बाण. मग थोडा कडक कमठा, मग आणखी कडक. हात थरथरत असताना वेग मागायचा नाही, हा या शिक्षणाचा कणा होता. अचूकता, जोर आणि वेग ही तिन्ही अंगे तिरंदाजाला हवीत, असे त्या परंपरेतले गुरू सांगत. पण वेगाची पाळी शेवटी येई.

हातातले बाण

वेग नेमका कुठून येतो, हे समजायचे तर त्यांचे धनुष्य आणि त्यांचा हात जवळून पाहावा लागतो.

ममलुकांचे धनुष्य एका लाकडाचे नसे. मध्ये लाकडाचा पातळ गाभा, तिरंदाजाकडच्या बाजूला शिंगाची पट्टी आणि बाहेरच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, हे सगळे सरसाने एकजीव केलेले असे. शिंग दाब सोसते, तंतू ताण सोसतात. असे धनुष्य करायला आणि वाळवायला महिनोन्महिने लागत. आखूड असूनही त्यात लांब धनुष्याएवढा जोर साठे, आणि आखूड असल्यामुळे ते घोड्याच्या मानेवरून डावीकडून उजवीकडे सहज फिरवता येई.

दोरी अंगठ्याने ओढत. अंगठा दोरीभोवती वळवायचा, तर्जनीने त्याला कुलूप घालायचे आणि अंगठ्याच्या पेराला दोरी कापू नये म्हणून त्यात शिंगाचे, हाडाचे किंवा दगडाचे कडे घालायचे. या पद्धतीत उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला टेकतो. युरोपात दोन-तीन बोटांनी दोरी ओढणारे बाण डाव्या अंगाला ठेवत, म्हणजे दर वेळी बाण धनुष्याला वळसा घालून पलीकडे न्यावा लागे. अंगठ्याच्या पद्धतीत हा वळसा वाचतो. उजव्या हातातला बाण उजव्या बाजूनेच सरळ दोरीवर येतो. बाणामागे वाचलेला एवढासा वेळ तीन बाणांत मोठा होतो.

दुसरी बचत भात्याची. कमरेच्या भात्यातून एकेक बाण उपसणे हे तिरंदाजीतले सर्वांत संथ काम. म्हणून जलद मारा करायचा असेल तेव्हा बाण आधीच काढून हातात धरत. कुणी धनुष्य धरलेल्या डाव्या मुठीतच मुठीला समांतर तीन-चार बाण धरे, कुणी दोरी ओढणाऱ्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेत दाबून ठेवी. एक बाण सुटला की तोच हात पुढच्या बाणाची शेपटी पकडतो आणि खाच चाचपून दोरीवर बसवतो.

हे सारे न बघता करायचे. डोळे शत्रूवर, बोटे खाचेवर. पेटीवाल्याची बोटे जशी पट्ट्यांकडे न पाहता सुरावर जातात, तशी ही बोटे खाचेवर जायला हवीत. पिसे कोणत्या बाजूला आहेत हे तळव्याला कळायला हवे. यात एखादी हालचाल जरा जास्त झाली, खाच दोरीवर अर्धवट बसली, तर बाण घोड्याच्या पायांत पडतो आणि वेगाचा सगळा हिशेब चुकतो. हात पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जाऊन जेव्हा विचाराशिवाय चालू लागतो, तेव्हाच तिसरा बाण वेळेत सुटतो.

ऐन जालूत

1258 मध्ये हुलागूच्या मंगोल सैन्याने बगदाद लुटले आणि खलिफाला ठार केले. 1260 च्या जानेवारीत अलेप्पो पडले, मार्चमध्ये दमास्कस. मंगोलांचा सम्राट मोंगके वारला होता. गादीचा प्रश्न उभा राहिल्यामुळे हुलागू बहुतांश सैन्य घेऊन मागे फिरला आणि सीरियात केतबुका या सेनापतीच्या हाताखाली दहा-बारा हजारांच्या आसपास सैन्य उरले. कैरोत तेव्हा कुतुझ सुलतान होता. शरण या, असे सांगणाऱ्या मंगोल वकिलांना त्याने मारले, त्यांची मुंडकी शहराच्या बाब झुवेला या वेशीवर टांगली आणि बायबर्सला आघाडीला घालून तो पॅलेस्टाइनकडे निघाला.

3 सप्टेंबर 1260 रोजी ऐन जालूत इथे गाठ पडली. दोन्ही बाजूंचे स्वार गवताळ मैदानांतले, दोन्हींकडे तेच आखूड धनुष्य, तोच अंगठ्याचा डाव. मंगोलांच्या पहिल्याच धडकेत ममलुकांची डावी बाजू मोडली. कुतुझाने डोक्यावरचे शिरस्त्राण भिरकावले आणि स्वतः पुढे होऊन फळी सावरली. दिवस संपण्याआधी केतबुका मारला गेला आणि मंगोल पळाले. पश्चिमेकडे सरकत आलेल्या त्यांच्या लाटेला इथे बांध बसला.

या विजयात जलद तिरंदाजीचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो वाद आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. जॉन मॅसन स्मिथ या अमेरिकन इतिहासकाराने 1984 मध्ये असा मुद्दा मांडला की मंगोल स्वार गवतावर वाढलेली लहान तट्टे वापरी, एकामागून एक तट्टे बदली, धावत येऊन बाण सोडी आणि निघून जाई. ममलुकाकडे एकच, पण तबेल्यात दाणा खाऊन पोसलेला मोठा घोडा असे. त्यामुळे धावपळीत मंगोलाला गाठण्यापेक्षा जागेवर उभे राहून, चालून येणाऱ्या टोळीवर अचूक आणि भरभर मारा करणे ममलुकाच्या सोयीचे होते. तैबुगाच्या ग्रंथातली कसोटी स्मिथने याच कामासाठी पुराव्यात आणली. रूवेन अमिताई यांनी या चित्राला आक्षेप घेतला. दोन्हीकडचे सैनिक एकाच युद्धपरंपरेतले होते, त्यामुळे दोघांच्या लढण्यात एवढे अंतर कल्पता येत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. शिवाय तैबुगाचा ग्रंथ या लढाईनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेला आहे, हेही विसरता येत नाही.

मला या वादात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उभ्या राहिलेल्या तिरंदाजाचा वेग चालून येणाऱ्या स्वाराला भारी पडतो, हा मुद्दा ऐन जालूतपुरता शाबीत झाला नाही तरी तो खरा आहे, आणि त्याचा दाखला चाळीस वर्षांनी मिळाला. तोही ममलुकांच्या विरुद्ध. डिसेंबर 1299 मध्ये इराणचा मंगोल राजा गाझान सीरियात उतरला. होम्सजवळ, वादी अल-खझनदार इथे, ममलुक स्वारांनी त्याच्यावर जोरदार हल्ला चढवला. गाझानने आपल्या लोकांना घोड्यांवरून उतरवले, घोड्यांची ढाल केली आणि त्यांच्या आडून बाणांचा मारा करायला लावले. स्थिर पाय, मोकळे हात आणि समोर दौडत येणारी घोड्यांची गर्दी. ममलुकांची चढाई मोडली आणि त्यांचा पराभव झाला. तीच धनुष्ये, तेच कसब. फक्त या वेळी वेगाला योग्य जागा मंगोलांनी दिली.

सहा सेकंद

आता साधा हिशेब मांडून पाहू. भरधाव घोडा तासाला 40 किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. 70 मीटरवरून निघालेला स्वार सहा-साडेसहा सेकंदांत अंगावर येतो. भात्यातून बाण उपसून, चढवून, नेम धरून सोडणाऱ्या तिरंदाजाचा तेवढ्यात एक बाण जातो, फार तर दोन. ज्याच्या हातात तीन बाण तयार आहेत तो तिन्ही सोडून तलवारीला हात घालू शकतो. शंभर तिरंदाजांच्या रांगेतून त्या सहा सेकंदांत शंभर बाण जाणार की तीनशे, यावर पहिल्या फळीतले घोडे पडणार की नाही हे ठरते. पहिल्या फळीतले घोडे पडले की मागची फळी त्यांच्यावर आदळते. जलद तिरंदाजीचा खरा उपयोग या अवघ्या काही सेकंदांचा आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एखाद्या स्वाराकडे 60 बाण आहेत असे धरू. दीड सेकंदात तीन या गतीने तो मारा करत राहिला, तर अर्ध्या मिनिटात त्याचा साठा संपेल. लढाई दिवसभर चालायची आहे. म्हणजे हा वेग सतत वापरायचा नाही. तो राखून ठेवायचा आणि गरज पडेल त्या क्षणी खर्च करायचा. लांबवर असताना जोर आणि अचूकता कामाची, गर्दी जवळ आली की वेग. जवळच्या अंतरावर दोरी पूर्ण न ओढताही उघड्या घोड्याला जखम करता येते. दणकट कमठा पूर्ण ओढून दीड सेकंदात तीन वेळा सोडणे कुणाच्याही खांद्याला जड जाते. वेग हवा तर जोरात थोडी तडजोड करावी लागते. ती तडजोड कधी करायची, हे ओळखणे हाही शिक्षणाचाच भाग.

आणि वेगामागे पुरवठा लागतो. याचा सर्वांत बोलका दाखला ममलुकांच्या तेराशे वर्षे आधीचा आहे. इसवी सनपूर्व 53 मध्ये कऱ्हे इथे पार्थियन घोडेस्वारांनी क्रॅससच्या रोमन सैन्याला घेरले. ढाली एकमेकींना भिडवून रोमन सैनिक उभे राहिले, कारण भाते रिकामे झाले की शत्रू थकेल अशी त्यांची अटकळ होती. मग प्लुटार्कने नोंदवलेली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली: पार्थियन सेनापती सुरेना याने बाणांनी लादलेले उंट बरोबर आणले होते. स्वार मागे जात, भाते भरून घेत आणि परत येत. रोमनांचा धीर तिथे खचला. बोटांचा वेग तिरंदाजाचा असतो, पण तो टिकवणारे उंट, कारागीर, पिसे आणि लोखंड राज्याला उभे करावे लागतात.

क्योटोचा व्हरांडा

समोरून चालून येणारा शत्रूच नाहीसा झाला तर या वेगाचे काय होते? याचे उत्तर जपानमध्ये मिळते.

क्योटोत सांजुसांगेनदो हे कान्नोन देवतेचे मंदिर आहे. आजची वास्तू 1266 ची. सुमारे 120 मीटर लांब, आणि पश्चिमेला तेवढाच लांब, अरुंद, बसक्या छताचा व्हरांडा. या व्हरांड्याच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकापार, छताला आणि खांबांना न लागता बाण पोहोचवायचा, अशी स्पर्धा इथे भरू लागली. 1606 मध्ये असाओका हेइबेई या सामुराईने शंभरपैकी 51 बाण पार केले, इथपासून तिच्या नोंदी सुरू होतात. तोवर तोकुगावा घराण्याची सत्ता बसली होती, आणि थोड्याच वर्षांत देशातल्या मोठ्या लढाया संपल्या. सामुराईंची धनुष्ये हातात राहिली, रणांगण गेले.

मग स्पर्धेला ऊत आला. सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकार होता पूर्ण एक दिवस आणि एक रात्र, म्हणजे 24 तास, जमतील तितके बाण मारण्याचा. ओवारी आणि किशू या तोकुगावांच्याच दोन शाखांमध्ये चुरस लागली. 1669 मध्ये ओवारीच्या होशिनो कान्झाएमोनने 10,542 बाण सोडले आणि 8,000 पार केले. 1686 मध्ये किशूच्या वासा दाइहाचिरोने 13,053 बाण सोडले. 8,133 पार गेले. तो तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. 24 तास मिनिटाला सरासरी नऊ बाण, आणि त्यातले दहापैकी सहा निर्दोष. मध्येच त्याचा हात सुजून काम करेनासा झाला तेव्हा खुद्द होशिनोने पुढे होऊन छोट्या पात्याने साकळलेले रक्त मोकळे केले, अशी कथा सांगतात. आपला विक्रम मोडायला निघालेल्या पोराला हात देणारा हा प्रतिस्पर्धी जपानी लोकांना अजून प्रिय आहे. वासाचा आकडा नंतर कुणालाही गाठता आला नाही आणि 1861 पर्यंत ही परंपरा चालू राहिली.

या स्पर्धेने तिरंदाजीची साधनेही बदलली. हजारो वेळा दोरी ओढणाऱ्याच्या अंगठ्याला वाचवण्यासाठी कडक अंगठ्याचा, चार बोटे झाकणारा हातमोजा रूढ झाला. बसून मारण्याची ढब आली, हलके बाण आले. वासाच्या कर्तृत्वापुढे मान लवते. पण बसून, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या अंतरावर, मागे बाण देणारे मदतनीस बसवून 24 तास मारा करणे आणि दौडत येणाऱ्या घोड्यासमोर दीड सेकंदात तीन बाण सोडणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिल्यात वेग म्हणजे चिवटपणा, दुसऱ्यात वेग म्हणजे प्रसंगावधान. कैरोचा तिरंदाज काही सेकंदांसाठी वर्षे घालवत होता. क्योटोच्या तिरंदाजाला तो एक दिवसच सर्वस्व होता. शत्रू गेला की कसब मरत नाही, पण त्याचे माप बदलते.

बंदुकीपुढे

ममलुकांचा शत्रू मात्र गेला नव्हता. त्याचे हत्यार बदलले होते. पंधराव्या शतकात कैरोची मैदाने ओस पडत गेली. 1501 मध्ये गादीवर आलेल्या कान्सूह अल-घौरी या वृद्ध सुलतानाने ती पुन्हा जागती केली, नवे मैदान बांधले, घोडेस्वारीचे आणि तिरंदाजीचे खेळ सुरू केले. 1510 मध्ये त्याने बंदूकधाऱ्यांचे वेगळे दलही उभारले, पण अस्सल ममलुक त्यात शिरले नाहीत. बंदूक घोड्यावरून नीट चालत नसे, आणि घोडा सोडणे म्हणजे ममलुकपण सोडणे. दलाला पगार कमी आणि मान त्याहून कमी मिळाला.

24 ऑगस्ट 1516 रोजी मर्ज दाबिक इथे ऑटोमन सुलतान सेलीमच्या तोफा-बंदुकांसमोर ममलुक सैन्य उधळले आणि अल-घौरी रणांगणावरच मरण पावला. जानेवारी 1517 मध्ये रैदानियाच्या लढाईत कैरोचे दार उघडे पडले. शेवटचा सुलतान तूमान बे याला बाब झुवेलाच्या वेशीवर फाशी दिले गेले.

बंदूक वेगात जिंकली असे समजणे चूक ठरेल. त्या काळची तोड्याची बंदूक भरून पुन्हा उडवायला अर्धे मिनिट किंवा अधिक लागे. मर्ज दाबिकनंतर जवळजवळ दीड शतकाने मोगल दरबारात राहिलेला फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की बंदूकवाल्याच्या दोन बारांच्या आत हिंदुस्थानी घोडेस्वार सहा बाण सोडतो. म्हणजे औरंगजेबाच्या काळातही, उघड्या मैदानावर, वेगात कमठा पुढेच होता.

कमठा हरला तो वेगळ्या शर्यतीत. बंदूक चालवायला शेतकऱ्याचा मुलगा काही आठवड्यांत तयार होतो. दीड सेकंदात तीन बाण सोडणारा हात तयार व्हायला लहानपणापासूनची वर्षे लागतात, आणि तो हात एका गोळीने जातो. मेलेल्या बंदूकवाल्याची जागा पुढच्या महिन्यात भरते. मेलेल्या तिरंदाजाची जागा भरायला पुढची पिढी यावी लागते. शिवाय चिलखताला भेदणारा जोर आणि घोड्यांना बिथरवणारा आवाज बंदुकीबरोबर आयताच मिळत होता. सेलीमला तिसऱ्या बाणाला उत्तर शोधावेच लागले नाही. तो बाण घडवणारी माणसे पुन्हा उभी करण्याइतका वेळ त्याने कैरोला दिला नाही.

गेल्या काही दशकांत ही विद्या पुन्हा हाती घेतली जात आहे. हंगेरीच्या लायोश कश्शाईने घोड्यावरच्या तिरंदाजीला स्पर्धेचे रूप दिले, ज्यात नेमाबरोबर घोड्याच्या धावेचा वेळही गुणांत मोजला जातो. डेन्मार्कच्या लार्स अँडरसनने हातात बाण धरून भरभर मारा करण्याच्या जुन्या पद्धतीचे प्रयोग 2015 मध्ये चित्रफितीतून दाखवले, तेव्हा ते जगभर पाहिले गेले. हलक्या धनुष्याने केलेला वेग लढाईत काय कामाचा, असा आक्षेप जाणकारांनी लगेच घेतला. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. जुन्या गुरूंनाही हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी वेग एकटा शिकवला नाही. आधी ताकद, मग नेम, शेवटी वेग आणि तिन्ही हाती आल्यावर ते कधी वापरायचे याची जाण.

जलद तिरंदाजीला व्यावहारिक मोल होते, आणि मोठे होते. शत्रू अंगावर येईपर्यंतच्या थोड्या सेकंदांत एका माणसाला तिघांचे बळ देणारी ती युक्ती होती. पण ते मोल एकट्या तिरंदाजाच्या हातात कधीच नव्हते. त्यासाठी मैदाने बांधणारा बायबर्स लागला, बाण वाहणारे उंट लागले, तंतू आणि शिंग महिनोन्महिने वाळवणारा कारागीर लागला, आणि मुलाच्या हातात पहिला मऊ कमठा देऊन वर्षानुवर्षे धीर धरणारा गुरू लागला. यातली एकेक गोष्ट गळत गेली तशी विद्या आधी खेळ झाली आणि मग आठवण. तैबुगाने तिची कसोटी आणि शिकवण्याची रीत लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला तिचे मोल तरी करता येते. कुठल्याही कौशल्याची थोरवी गाताना ते पोसणाऱ्या या सगळ्यांचा हिशेब शेजारी मांडावा, एवढे या इतिहासातून मला शिकायला मिळाले.